नळाला करंट, आणि दोष दुसऱ्याच घरात

मोरीतला नळ सकाळच्या वेळेत हाताला झोंबायचा. पाणी भरायला म्हणून चावी धरली की बोटांपासून मनगटापर्यंत झिणझिण्या. दुपारी तोच नळ अगदी गप्प. सासूबाई म्हणायच्या, "अगं, हा नळ चावतो मला." शेजारच्या मावशींचं मत पडलं की पावसाळ्यात नसा दुखतातच या वयात. पण तेच मलाही जाणवत होतं, नवऱ्यालाही. मग त्याने टेस्टर आणून नळाला लावला. आतला छोटा दिवा लागला. घराचा मेन स्विच बंद केला, पंखा थांबला, फ्रिज थांबला, टेस्टर पुन्हा लावला. दिवा तसाच लागलेला. घरात वीज नाही आणि नळाला आहे, हे बघून आम्ही दोघंही घाबरलो.

आमची इमारत परळला. तळमजला अधिक तीन, पागडीची, गिरण्या चालू होत्या त्या काळातली. जिन्याखाली मीटरची खोली, प्रत्येक घरात मोरी, गच्चीवर टाकी. शहर भागात वीज बेस्टची. मीटरपर्यंतचं त्यांचं, मीटरच्या पुढची वायर, बोर्ड, पॉइंट ज्याचे त्याने सांभाळायचे. पण पाण्याचा पाइप, जिन्यातला दिवा आणि अर्थिंगची वायर या तीन गोष्टी जुन्या इमारतीत कुणाच्याच नसतात. आमचं दुखणं नेमकं तिथे होतं.

इमारतीतलं विजेचं काम अण्णा करतात. गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात उमेदवारीपासून नोकरी केलेले, तारतंत्रीचा परवाना असलेले गृहस्थ. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि आधी एवढंच सांगितलं, "वहिनी, मी येईपर्यंत त्या नळाला कुणी हात लावायचा नाही. पाणी खालच्या नळावरून आणा. आणि मोरीत अनवाणी जायचं नाही." खालचा नळ थेट महापालिकेच्या लाइनीवरचा, टाकीशी संबंध नसलेला. बादल्या वर आणताना सगळ्यांची दमछाक झाली, पण कुणी कुरकुर केली नाही.

आल्यावर अण्णांनी आमच्या टेस्टरकडे फारसं लक्ष दिलं नाही. टेस्टर लागला म्हणजे करंट आहे एवढाच इशारा मिळतो, तो किती आणि कुठून हे कळत नाही, असं ते म्हणाले. शेजारून नुसती फेजची, म्हणजे करंट आणणारी, वायर गेलेली असली तरी कधी कधी टेस्टर मंद लागतो. उलट न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, कुठे तुटलेली असली तर टेस्टर सगळं ठीक दाखवतो आणि बोर्ड मात्र चालत नाही. त्यांनी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला. एक टोक आमच्या बोर्डातल्या न्यूट्रलला, दुसरं नळाला. आकडा 140 व्होल्टच्या आसपास हलत राहिला. मग त्यांनी होल्डरला दोन वायरी लावलेला 15 वॉटचा दिवा काढला आणि त्याच दोन ठिकाणी जोडला. (हे घरी कुणीही करून बघू नये. अण्णांनी हातमोजे घातले होते आणि आम्हाला मोरीच्या बाहेर उभं केलं होतं.) दिव्यातली तार हळूहळू लालसर झाली. पेटली नाही, नुसती निखाऱ्यासारखी लाल.

"मीटरला भुताटकीचे व्होल्टही दिसतात," अण्णा म्हणाले, "पण दिवा लाल झाला म्हणजे करंट खरा आहे." 15 वॉटचा दिवा पूर्ण पेटतो तेव्हा त्यातून साधारण 65 मिलीअँपिअर जातात. म्हणजे नुसता लाल व्हायलासुद्धा वीस-पंचवीस लागत असणार. माणसाला 1 मिलीअँपिअर जाणवतो. 10 च्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 च्या वर, तो छातीतून गेला आणि काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. हे आकडे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले. मी सासूबाईंकडे बघत होते. रोज पहाटे त्याच नळावर त्या तांब्या घासतात.

मग आम्हाला झिणझिण्यांवरच कसं निभावलं? मोरीतली शहाबादी फरशी पहिल्या मजल्यावर, जमिनीशी तिचा थेट संबंध नाही. त्यामुळे पायातून खाली जायला करंटला धड वाट मिळत नव्हती. मी लगेच म्हटलं, आमच्या बोर्डला आधी चांगलं अर्थिंग करून द्या. अण्णांनी साफ नकार दिला. मला ते तेव्हा विचित्र वाटलं, पण त्यांचं कारण ऐकून अंगावर काटा आला. नळात करंट असताना घरातल्या वॉशिंग मशीनला अर्थिंग जोडलं तर मशीनची बॉडी थेट जमिनीला बांधल्यासारखी होणार. ओला हात नळावर, दुसरा हात मशीनवर, आणि मधे छाती. आज जी वाट मिळत नाही ती आपणच करून दिल्यासारखं. म्हणून आधी करंट कुठून येतो ते शोधायचं, तो बंद करायचा, अर्थिंग मग.

शोध रविवारी सकाळी घेतला, कारण करंट सकाळीच यायचा. सकाळी इमारतीत काय चालू असतं? गिझर. आमच्या उभ्या ओळीत वर दोन घरं, गच्चीच्या टाकीतून येणारा पाइप त्यांच्या मोऱ्यांतून आमच्याकडे उतरतो. दुसऱ्या मजल्याला कुलूप, ते कुटुंब चिपळूणला. त्यांची किल्ली मावशींकडे असते, फोन करून परवानगी घेतली आणि मेन बंद केला. खाली आमच्या मोरीत दिवा लालच. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काकांना ते आवडलं नाही. "आमचा गिझर उत्तम चाललाय, पाणी कढत येतंय, आणि आम्हाला कधी शॉक बसला नाही," हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. काकूंनीच पुढे होऊन मेन पाडला. खालून माझ्या मुलाने ओरडून सांगितलं, "दिवा विझला!"

गिझरची वायर काढून अण्णांनी मेगर लावला. मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, ते 500 व्होल्टचा दाब देऊन वायर आणि बॉडी यांच्यामधे किती अडथळा आहे ते सांगतं. निदान 1 मेगाओहम तरी दिसायला हवा. काटा शून्यावर चिकटला. गिझरच्या आतली कॉइल धातूच्या नळीत असते, तार आणि नळी यांच्यामधे पांढरी पूड भरलेली असते. नळीला बारीक भेग गेली की पाणी त्या पुडीत शिरतं आणि तारेतला करंट पाण्यात आणि बॉडीत झिरपायला लागतो. कॉइल मात्र तापतच राहते. गिझर नीट चालतोय म्हणजे तो सुरक्षित आहे, हा समज या एका गोष्टीमुळे माझ्या मनातून कायमचा गेला.

आता तो करंट पाइपात कसा आला? काकांच्या गिझरची हिरवी वायर भिंतीतून बाहेर येऊन पाण्याच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपला तारेने गुंडाळलेली होती. जुन्या इमारतींत हे सर्रास केलेलं असतं. पूर्वी ते चालूनही गेलं, कारण सगळा पाइप लोखंडी होता आणि शेवटी जमिनीत जात होता, झिरपलेला करंट गुपचूप मातीत उतरायचा. यंदा उन्हाळ्यात टाकीकडे चढणारा गंजलेला पाइप बदलला. प्लंबरने प्लास्टिकचा घातला, तो स्वस्त आणि गंजत नाही. त्या दिवसापासून टाकीतून खाली उतरणारा लोखंडी पाइप जमिनीपासून तुटला. करंटला उतरायला जागा उरली नाही, तो आमच्या धातूच्या नळापर्यंत येऊन थांबला. काकांकडे दोन वर्षांपूर्वी मोरीचं काम झालं तेव्हा प्लास्टिकचे नळ बसवले होते, म्हणून त्यांना काही कळलं नाही. प्लंबरला विजेचं ठाऊक नव्हतं, वायर गुंडाळणाऱ्याला पुढे पाइप बदलेल हे ठाऊक नव्हतं. दोन वेगवेगळ्या वर्षी केलेली दोन साधी कामं एकत्र आली.

काकांचा फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न मी विचारला. उत्तर सोपं होतं आणि मला वाटतं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. फ्यूज किंवा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 16 च्या बराच वर जाईपर्यंत हलत नाही, आणि माणसाला मारायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी पुरतो. कॉइल पूर्ण फुटून फेज थेट बॉडीला टेकली असती तरी गंजक्या अर्थिंगचा अडथळा समजा 50 ओहम असेल, तर 230 भागिले 50, जेमतेम साडेचार अँपिअर. त्याने एमसीबी कधीच पडणार नाही, बॉडी मात्र जिवंत राहील. त्यात काकांकडे जुना, चिनीमातीचा किटकॅट फ्यूज होता आणि त्यात कुणीतरी वायरीतले तांब्याचे जाड तुकडे पिळून घातलेले. तो कशानेच उडाला नसता.

काका गप्प झाले होते. मग म्हणाले, "माझ्यामुळे वहिनींना काही झालं असतं तर?" सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि विषय तिथेच मिटला. गिझर त्याच दिवशी काढला.

पुढचं काम इमारतीचं होतं. मीटरच्या खोलीत अर्थिंगची एक जुनी जीआय तार होती, ती खेचल्यावर हातात आली, जमिनीतला भाग गंजून कधीच संपलेला. सगळ्यांनी वर्गणी काढली. मागच्या अंगणात खड्डा खणून नवा इलेक्ट्रोड घातला, मीटरच्या खोलीत तांब्याची पट्टी बसवली आणि तिथून प्रत्येक घराला स्वतंत्र हिरवी वायर नेली. अर्थ टेस्टरवर अडथळा 5 ओहमच्या आत आला. त्यानंतर अण्णांनी पाइपालाही क्लॅम्प लावून त्याच पट्टीला जोडलं. मला यातला फरक समजायला जरा वेळ लागला: पाइपाचा वापर अर्थिंग म्हणून करायचा नाही, पण पाइपाला अर्थिंग द्यायचं. पुढे कुणाचंही काही झिरपलं तरी पाइप अधांतरी राहू नये म्हणून.

आणि प्रत्येक घरात आरसीसीबी. दुकानात अजून त्याला ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तो सतत जुळवून बघतो. 30 मिलीअँपिअरची तूट पडली, म्हणजे तेवढा करंट भलत्या वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून, जातोय असं धरून क्षणार्धात वीज तोडतो. घेताना त्यावर 30 मिलीअँपिअर लिहिलंय का ते बघून घ्या. 100 किंवा 300 चेही मिळतात, ते आग टाळायला उपयोगी, माणसासाठी नाहीत. आमच्या घराचा दोन-अडीच हजारांत बसला. पण अण्णांनी बसवतानाच एक गोष्ट स्पष्ट सांगितली. हा आरसीसीबी माझ्या घरात आधीपासून असता तरी त्या नळाच्या शॉकपासून त्याने आम्हाला वाचवलं नसतं, कारण तो करंट माझ्या मीटरमधून येतच नव्हता. तो पडला असता काकांच्या घरातला, आणि तोही तिथे असता तर. म्हणूनच एका घराने बसवून भागत नाही. एकाच वेळी दोन्ही हातांनी फेज आणि न्यूट्रल धरलं तर तोही माणसाला ओळखत नाही, त्याला तो एखादा दिवाच वाटतो.

बसवल्यावर आमच्याकडचा आरसीसीबी टिकेना. बाहेरच्या खोलीतला पंखा लावला की खट्कन पडायचा. बरेच लोक इथेच कंटाळतात आणि वायरमनला सांगून तो बायपास करून घेतात. अण्णांनी न्यूट्रलच्या सगळ्या वायरी पट्टीवरून सोडवल्या आणि एकेक करून परत लावल्या. पंख्याचं न्यूट्रल आमच्या पट्टीवर येतच नव्हतं, ते कधीकाळी जिन्यातल्या दिव्याच्या न्यूट्रलला जोडून टाकलेलं होतं. फेज आमचं, न्यूट्रल जिन्याचं. गेलेला सगळा करंट दुसऱ्याच वाटेने परतत होता, म्हणून आरसीसीबीला तूट दिसायची. यंत्राचं बरोबर होतं. नवी वायर ओढली, पडणं थांबलं.

मग जुलैच्या झडीत तो रात्री-अपरात्री पडायला लागला. हा दोष सापडायला वेळ लागला, कारण सकाळी सगळं वाळलं की मेगर चांगलं दाखवायचा. शेवटी भर पावसात अण्णांना बोलावलं. खिडकीखालचा बोर्ड उघडला तर मागच्या लाकडी पेटीत भिंतीतून ओल झिरपत होती, स्क्रूंना हिरवट गंज चढलेला. समुद्राजवळची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, मुंबईत पितळेचे स्क्रूसुद्धा फार टिकत नाहीत. तो बोर्ड आतल्या कोरड्या भिंतीवर हलवला.

काम चालू असताना सापडलेल्या बाकीच्या गोष्टी. गिझरच्या पॉइंटला दीड चौरस मिलिमीटरची वायर होती, ती काढून चारची टाकली. दोन दिव्यांची बटणं फेजऐवजी न्यूट्रलवर होती, म्हणजे बटण बंद करून दिवा बदलताना होल्डरमधे फेज तशीच. आणि तीन पिनांच्या सॉकेटमधे वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं, मागे वायरच नाही. सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ, एवढं जमलंय का हे मी आता वायरमनकडून प्रत्येक पॉइंटला तपासून घेते.

फ्रिजला हात लावल्यावर येणाऱ्या हलक्या मुंग्याही अर्थिंग झाल्यावर गेल्या. काही यंत्रांत विजेतली खरखर गाळण्यासाठी फिल्टर बसवलेले असतात, त्यांतून अगदी थोडा करंट बॉडीकडे येतो, तो अर्थच्या पिनेतून जावा अशीच रचना असते. पिन नसेल तर तो आपल्या बोटांतून जातो. तो बहुधा जिवावर बेतत नाही, पण अर्थिंग नाही हे तो सांगत असतो. दोन पिनांचा अडॅप्टर लावून फ्रिज किंवा वॉशिंग मशीन चालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती.

आमच्याच मजल्यावरच्या एक वहिनी नर्स आहेत. सगळं मार्गी लागल्यावर त्यांनी मुलांना आणि आम्हा सगळ्यांना जिन्याच्या चौकात बसवून शॉक बसलेल्या माणसाचं काय करायचं ते दाखवलं. आधी मेन बंद, माणसाला हात लावायचा नाही. मेन सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर दूर करायची. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेला काठीनेही शिवायचं नाही, लांब थांबून वीज कंपनीला कळवायचं. माणूस बेशुद्ध असून नीट श्वास घेत नसेल तर 108 ला फोन आणि लगेच छातीच्या मधोमध दाब. मिनिटाला 100 ते 120, छाती साधारण 5 सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर, 30 दाबांनंतर 2 श्वास. श्वास द्यायचं शिकलेलं नसेल तर नुसते दाब, पण थांबायचं नाही. उशीवर करून बघताना पंधरा वर्षांच्या मुलांना घाम फुटला. आणि शॉक बसून माणूस उठून बसला, "काही झालं नाही" म्हणाला, तरी जोराचा शॉक असेल तर दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यायचा.

आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं. ते आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबतो, पडला की पुन्हा वर करतो. त्या बटणाने यंत्र पडतं की नाही एवढंच कळतं, अर्थिंगची वायर शाबूत आहे का ते कळत नाही, त्यासाठी अण्णा पावसाळ्याआधी मीटर लावून बघणार आहेत. दुसऱ्या मजल्याचं काम तेवढं राहिलंय. ते कुटुंब गणपतीनंतर परत यायचं आहे, तोपर्यंत त्यांच्या संमतीने त्यांचा मेन बंद ठेवलाय आणि किल्ली मावशींकडेच आहे. त्यांच्यासाठी आणलेला आरसीसीबी आमच्या कपाटात खोक्यासकट तयार आहे.